हत्ती पेलणारे टायर

...नाही, मला एक सांगा, काच फुटली ती टायर फुटला म्हणून, आणि टायर फुटला तो माझ्यामुळे, हे कुठलं शास्त्र? बायको म्हणते, 'टायर निवडले कुणी होते?' मी! मीच निवडले होते! नाही कुठं म्हणतोय? असे जाडजूड रबरी गोट्यांचे, मगरीच्या पाठीसारखे, रस्त्यात लोक वळून बघायचे! आता एवढ्या राकट दिसणाऱ्या टायरच्या कडेवर बारीक आकड्यात 'पंच्याण्णव' छापलंय, आणि त्याचा अर्थ 'मी आपला घरगुती मोटारीचा टायर, माझ्यावर ओझी टाकू नका' असा असतो, हे मला कुणी सांगितलं होतं का? दिसायला पैलवान आणि पिशवी उचलायला सांगितली की कंबर धरणार! फुटला तो, खडकाळ चढावर, मागं काच असताना. काचेचं काय झालं ते सांगत नाही, अजून बुटात सापडतात तुकडे.

तुम्हाला सांगतो, आमचा धंदाच काचेचा. दुकान सासऱ्यांचं, म्हणजे आता बायकोचं. ती हिरकणीनं काच कापते, एक रेघ मारायची की 'टक्', दोन तुकडे, धार अशी की हात फिरवून बघावा. आणि मी ती काच पिकअपच्या मागच्या लाकडी घोड्याला, म्हणजे तिरक्या चौकटीला, बांधतो, खाली गोणपाट, मध्ये गोणपाट, वर दोर, आणि माळावरनं, ओढ्यातनं, जिथं रस्ता नाही पण लोकांना घर बांधायची हौस आहे तिथं नेऊन पोचवतो. गाडी चालवणं हा माझा मान. आणि खरं सांगायचं तर दिवसातला तेवढाच वेळ मला कुणी 'अहो' म्हणत नाही.

तर बायको म्हणाली, 'अहो, आणखी एक काच फुटली ना, की गाडीची किल्ली धाकट्याच्या हातात.'

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आमचे मेहुणे! आयुष्यात मतापेक्षा जड काही उचललेलं नाही, पण मतं मात्र टनावारी. 'भावोजी, मी सांगू का?' असं सुरू करतो, आणि नको म्हणायला तुम्ही तोंड उघडेपर्यंत सांगून मोकळा झालेला असतो.

गेलो मी आणि तो, दोघं टायरच्या दुकानात. मी या वेळी अभ्यास करून गेलो होतो. गाडीच्या दाराच्या आत एक पट्टी चिकटवलेली असते, गाडीनं किती वजन घ्यावं ते तिच्यावर लिहिलेलं असतं, जगात कुणी वाचत नाही, मी वाचली! गाडी, मी, घोडा, काच सगळं मिळून तीन टन, बास. म्हटलं, 'एकशे बारा नंबरचे द्या.' तिथं उभा असलेला एक गिऱ्हाईक हसला. 'एकशे बारा किलोत काय होतंय?' अरे बाबा, एकशे बारा किलो नव्हे! तो आकडा तक्त्यात बघायचा असतो, एकशे बारा म्हणजे एका चाकावर अकराशे वीस किलो! पण समजावणार कुणाला?

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. कसं? पाहुण्यानं अर्धीच पोळी मागितल्यावर यजमानीण बघते ना, तसं. म्हणाला, 'आज पुरतील हो साहेब. पण उद्या लागलं तर?'

उद्या काय लागणार? काच लागणार! परवा? काच! मी काही उद्यापासून कातळ वाहणार आहे का?

'तसं नाही, पण उद्या लागलं तर? हे बघा, एकशे एकवीस. एका चाकाला चौदाशे पन्नास किलो!' आणि टायरला असं थोपटलं, लग्नाच्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारावी तसं. मी हिशेब केला. चार चाकं मिळून पावणेसहा टनांच्या वर. म्हटलं, 'अहो, यात गाडी वजा केली तरी हत्ती बसेल!'

मेहुणा म्हणाला, 'भावोजी, मी सांगू का? घ्या. उद्या लागलं तर?'

काय लागलं तर? हत्ती लागला तर?

घेतले. का घेतले विचारू नका. फुटलेल्या टायरचा माणूस चारचौघांत वाद कशाच्या जोरावर घालणार? हवा भरणाऱ्यानं कडेवर छापलेला हवेचा सगळ्यात मोठा आकडा वाचला आणि तेवढी ठासून भरली. म्हटलं, 'दादा, हा आकडा पूर्ण ओझ्याचा असेल, गाडी तर रिकामी आहे, थोडी कमी...' 'छापलंय तेवढी भरली,' म्हणाला. संपलं. छापलंय!

आणि घरी निघालो... अहो, काय सांगू! टायर म्हणजे दगडाचे! रस्त्यावर सुपारी पडली असेल तर ती अख्खी होती की खांडाची हे कमरेला कळत होतं! गतिरोधकावर गाडी अशी उडाली की वरच्या टपानं माझं डोकं मोजलं. समोरचा आरसा हळूहळू वळून माझ्याकडे पाठ करून बसला. घोड्यावर प्रयोगाला म्हणून बाद काचेचा एक तुकडा बांधला होता, चौकापर्यंत त्याचा चुरा! म्हणजे बघा, आधीचे टायर ओझ्यानं मरत होते, हे ओझ्यावाचून मरत होते. आणि आमचा माल काच! तिला पेलणारा नको असतो हो, झेलणारा लागतो!

आणि अशातच आली टेकडीवरच्या चित्रकार बाईंची काच. भिंतीएवढी. 'मध्ये एक दांडीसुद्धा नको हं, उजेड तुटतो.' बायकोनं ती कापली तेव्हा दुकानात कुणी खोकलं नाही. मग माझ्याकडे बघितलं, किल्ली दिली, आणि भावाला म्हणाली, 'तू पण जा रे सोबत.' सोबत! माझ्या जागेचं माप घ्यायला आल्यासारखा तो शेजारी बसणार!

म्हटलं, आधी हवा कमी करतो. मेहुणा उसळला. 'एवढे भारी टायर घेऊन हवा कमी? लोक काय म्हणतील? भावोजी, मी सांगू का? टायरला वजन हवंय. द्या त्याला वजन.'

आणि त्यानं मागच्या अंगणातली वाळू दाखवली. पोती भरली. टाकली. आता माझी चूक इथं अशी झाली, की मी एक चक्कर मारून बघितली... आणि गाडी मऊ चालली हो! जरा मऊ. मग आणखी पोती. आणखी मऊ. मग दोघांनाही चेव आला. माणसाला गादी जितकी मऊ तितकी हवीच असते ना? मी एकदा पुटपुटलो, 'अरे, दारावरची पट्टी...' तर म्हणाला, 'टायर पेलतात ना? मग पट्टी कोण विचारतंय?' मला पटलं! मला, पट्टी वाचणाऱ्या माणसाला, पटलं! शिवाय म्हणतो कसा, 'वाळू वर नेलेली बरीच. उद्या लागली तर?'

निघालो. काय चालली गाडी! लोणी! खड्ड्यातनं जात होतो आणि मागं काचेचा आवाज नाही. मेहुणा गुणगुणायला लागला. मीसुद्धा! टेकडीचा शेवटचा चढ, वर बाई दारात उभ्या, हात हलवताहेत... आणि खालून 'खण्ण!' तोफ वाजावी तसं! गाडीनं उजवीकडे मान टाकली आणि बसली. माझा जीव काचेत. उतरायचं धाडस होईना. मेहुण्याला म्हटलं, 'तू बघ.' तो म्हणाला, 'तुम्ही बघा.'

बघितलं. काच अख्खी! ओरखडा नाही! आणि टायर? टायरला काय होतंय! चारही टमटमीत, हसताहेत! खालचे स्प्रिंगचे पाटे तुटले होते, एक्सल वाकला होता. टायर हत्ती पेलत होते हो, गाडी पेलत नव्हती!

तिथून ती काच आम्ही दोघांनी हातावर वर नेली. तो पुढे, मी मागे. 'भावोजी, दगड!' 'कुठं?' 'तुमच्या पायाखाली!' 'आधी सांग की!' 'मी उलटा चालतोय, मला डोळे पाठीला आहेत का?' बसवली. उजेड असा आत आला की बाईंनी डोळ्यांवर हात धरला. मग खिडकीतनं खाली, त्या तिरक्या गाडीकडे बघून म्हणाल्या, 'अय्या, हलवू नका हं तिला. मी चित्र काढते.' हलवू नका! आम्ही हलवणार होतो जसे काही!

घरी आलो. बायकोनं एकच विचारलं, 'काच?' म्हटलं, 'बसली.' 'मग किल्ली तुमचीच. मी शब्द फिरवत नाही.' आणि किल्ली माझ्या हातात! जिंकलो! अशा गाडीची किल्ली, जिच्याकडे बघून मिस्त्री म्हणाला, 'चासीला बाक आलाय, सोडून द्या. टायर मात्र काढून न्या, फार चांगले आहेत.'

चांगले आहेत! नवे कोरे! टाकून कसे द्यायचे? बायको म्हणाली, 'अहो, त्यांच्या मापाची गाडी बघा.' ऐकताय ना? लोक गाडीला टायर बघतात, आम्ही टायरला गाडी बघितली! मिळाली. सेकंडहँड, मोठी, उंच, रिम बरोबर जुळणारी. मी चढलो, सीटवर बसलो, आरसा नीट केला... आणि विकणारा म्हणाला, 'हिला जड वाहनाचा परवाना लागतो. तुमचा तो लहान गाडीचा.'

मी खाली बघितलं. मेहुणा खिशात हात घालत होता.

'काढून ठेवला होता, भावोजी. असाच.'

आता तोच चालवतो. किल्ली त्याच्याकडे. फुटलं काही नाही, तुटलं काही नाही, बायकोनं शब्दही मोडला नाही... मी आपला मागं घोड्याजवळ बसतो, काच धरून. नाही, धक्के अजिबात बसत नाहीत. टायर उत्तम निघाले.