वैशालीच्या वडिलांचा अंगठा

संमतीचं म्हणाल, तर मला आमच्या कामतघरच्या शाळेतली वैशाली आठवते. दहावीत, माझ्याच वर्गात होती. शाळेत धनुर्वाताची लस द्यायला सिस्टर आल्या होत्या. सगळ्यांचे पालकांच्या सहीचे कागद आले, वैशालीचा तेवढा कोरा. वडील कापडाच्या लूमवर कामाला. लसीनं पोरं दगावतात, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं.

तिनं सिस्टरना विचारलं, "हात माझा हाय ना? मग मी हो म्हटलं तर चालनार न्हाय?"

"अठरा पूर्ण होईपर्यंत नाही गं. पालकच लागतात."

वडिलांना लिहिता येत नव्हतं. घरचे सगळे कागद वैशालीच भरायची, ते फक्त अंगठा उठवायचे. मी तिला हळूच म्हटलं, "अंगठा कुणाचा, ते कोण बघतंय?"

ती म्हणाली, "बाई, बाबाला फसवून लस घेतली तर त्याची भीती जाईल का? माझी धाकटी बहीन हाय अजून."

मी तो कोरा कागद तिच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ती वडिलांना थेट शाळेतच घेऊन आली. त्यांनी अंगठा उठवला. मला राहवेना. "कसे काय तयार झालात?"

ते म्हणाले, "बाकीचे म्हनायचे, कायपन होत न्हाय. ही म्हनली, हात दुखंल, एखाद दिवस ताप येईल, मलापन भ्या वाटतंय, तू संगं चल. मग आलो."