देवचंदच्या राजदूतची टाकी

नाई बाई, तू माह्यं ऐकूनच नाई राहिली. मी म्हनून राहिलो का ही टाकी कबाड्याले दे, मी तुले दुसरी आनून देतो — नागपूरच्या कबाडबाजारात राजदूतच्या टाक्या अजूनबी भेटते, मी सोता जातो, पसंत करतो, रंग मारून बसवून देतो — अन तू म्हनते का नाई, हेच पाहिजे. काऊन हेच? लोखंडच तं आहे. हे पाह्य, झाकन खोललं, ये इकडं, वास घे. हा पेट्रोलचा वास आहे का? वीस वर्षं उरलंसुरलं पेट्रोल आत बसलं का त्याचा डिंक होते, कॉकमध्ये जाऊन बसते, मंग तो कॉक हातोडीनंबी हालत नाई. अन जरा हालवली तं काय पडते पाह्य — जंगाचे पापुद्रे, पसाभर. हात काळे करू नको, हे घे फडकं. बस. नाई, त्या स्टूलावर नको, इकडं खुर्चीवर बस.

करता येत नाई असं नाई. चाळीस वर्षं झाले मले या रोडवर, रायपूरपासून येनारे ट्रकवाले माह्यं दुकान विचारत येते. सायकलची चेन तोडायची, तुकडे आत टाकायचे, तोंड बांधायचं, दोघायनं मिळून घंटाभर हालवायची — जंग सुटते. मंग चिंचेचं पानी भरून दोन दिवस ठेवायची, सोड्याच्या पान्यानं खंगारायची, उनात सुकवायची, अन सुकल्याबरोबर आतून तेल फिरवायचं, नाई तं सांजेलोक पुन्हा लाल. सारं येते मले. पन कायले करायचं? खालचा पत्रा गेला आहे. तो काळा भाग पाह्यला? तो रंग नाई बाई, तो जळला आहे. तुले मालूमच आहे कशानं जळला.

सांगायची गरज नाई तू कोन ते. गाडीतून उतरली तेव्हाच ओळखलं, कपाळ सारं जमुनावहिनीचं आहे. हो, वहिनीच म्हनत होतो मी तुह्या मायले, देवचंद अन मी एका वर्गात होतो, सातवीलोक. अन तुले ही गाडी बापासाठी नाई पाहिजे हे बी समजलं मले. तुह्या आज्यानं सोताची चौऱ्याऐंशीची राजदूत पोरीच्या लग्नात दिली, म्हून मायची आठवन. बरोबर आहे. बापाचं नाव घेताना तुहं तोंड कसं झालं, पाह्यलं मी. या भागात कोनालेबी विचार का देवचंद पटले कोन, तं सांगते — दसऱ्याच्या दिवशी बायकोवर पेट्रोल टाकून जाळनारा. सात वर्षं जेलात होता. तू तीन सालाची होती, धर्मेंद्रभाऊनं, तुह्या मामानं, उचलून नेली, वाढवली, शिकवली. बाप सुटून आला तं तू भेटाले नाई गेली, या उन्हाळ्यात मेला तं मातीले नाई गेली. मी काही म्हनून नाई राहिलो. लेकराले जे सांगितलं ते त्यानं धरलं, लेकराची काय गलती? पन — काही नाई. च्या घेशील? घे ना. इथं ढाब्यावरून येते, साखर जास्त राहते.

अं, ते नको खरवडू. पेचकस ठेव खाली. ठेव म्हटलं तं. खालच्या शिवनीले हात लावू नको, पत्रा कागदाएवढा राहिला आहे, फाटन, मंग माह्या नावानं ओरडशील. काय? पांढरं? कुठं पांढरं? हं. चुना असन. नाई तं पोलिसवाल्यायनं काही लावलं असन, चार वर्षं त्यायच्याच आवारात पडून होती, उनात, पावसात. आता थुंक कायले लावून राहिली त्याले? बोट नको घासू. बुळबुळीत लागते? फेस?

बरं. साबन आहे. शिवनीच्या फटीत सीलखाली दबला होता, तेवढाच राहिला.

कपडे धुवायचा साबन, हिरवी वडी. यात एवढं पाहण्यासारखं काही नाई, रोडवरचा कोनताबी मिस्त्री हेच करते. टाकीले सुईएवढं भोक पडलं, पेट्रोल टपकून राहिलं, गिऱ्हाईक घाईत आहे — तं काय करते? साबनाची वडी भोकावर घासते, नखानं दाबून दाबून भरते. पेट्रोलात साबन विरघळत नाई, थेंब बंद होते. गोंदिया गाठते, भंडारा गाठते, महिनाभरबी चालते. वरून सील लावलं, काळा रंग मारला का कोनाच्या बापाले ओळखू येत नाई. पक्कं काम म्हंजे पितळेचा डाग, पितळ वितळवून भोक बुजवायचं. त्याच्यासाठी टाकी उतरवा, पेट्रोल काढा, तीन वेळा धुवा, मंग गळ्यालोक पानी भरा, भोकाचाच भाग तेवढा वर ठेवा, नाई तं ज्योत लावल्याबरोबर टाकी मिस्त्रीले घेऊन फुटते. अर्धा दिवस जाते. अन साबनाले काय, पाच मिनटं. फक्त एक आहे — पान्याले तो टिकत नाई. टाकीवर पानी मारलं का साबन गेला. हे आम्हाले मालूम राहते, आम्ही गिऱ्हाइकाले सांगतो, बाबा, हे आजच्यापुरतं आहे, गाडी धुवू नको.

सांगतो म्हंजे, सांगायले पाहिजे.

तशी पाहू नको माह्याकडं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी माह्या दुकानापुढं गाड्याच गाड्या. रांग पार त्या कडुलिंबालोक. कोनाले ब्रेक पाहिजे, कोनाले चेन, साऱ्यायले आजच पाहिजे, उद्या पूजा. देवचंद दुपारी आला, म्हने, मनोहर, टाकी खालून टपकून राहिली, पक्का डाग मारून दे, मी अर्जुनीतच थांबतो. थांबला ना तो. त्या स्टूलावर बसला, मंग म्हने बाजार करून येतो, जमुनाले बांगड्या घ्यायच्या आहे. तो गेला अन मी टाकी उतरवलीबी नाई. गाडी आडवी केली, साबन घासला, सील लावलं, रंग मारला. तो आला तं म्हटलं, झालं, पितळेचा डाग आहे, तुहा नातूबी फिरवन ही गाडी. हे मीच म्हटलं. त्यानं बांगड्या दाखवल्या मले. हिरव्या होत्या. मनात होतं का दसरा गेला का त्याले बोलावीन, गुपचूप खरा डाग मारून देईन, कोनाले काय समजते. सारेच असं करते. माह्याच वाट्याले आलं.

अन उद्या दसरा आहे हे मले मालूम नव्हतं असं नाई, गाड्या माह्या दारात दसऱ्यासाठीच तं उभ्या होत्या. गाडी धुतल्याशिवाय कोनी पूजा करते का? सकाळी उठून कोनी विहिरीवर नेते, कोनी बोडीवर, तळ्यावर नेते, घासून घासून धुते, मंग हार घालते. पंचवीस-तीस गाड्या मी सोडल्या त्या दिवशी, उद्या साऱ्या धुतल्या जातीन हे मले माहीत, अन त्यातल्या एकीच्या खाली साबन आहे हेबी माहीत. दोन्ही गोष्टी डोक्यात होत्या, पन बाजूबाजूनं होत्या, एकमेकीले लागल्याच नाई. रोज इचार करतो मी हा, काऊन नाई लागल्या?

त्यानं सकाळी गाडी धुतली. डबकीनं, प्लास्टिकच्या डब्यानं, पेट्रोल आनलं होतं, सोनं वाटाले पाहुन्यायकडं जायचं होतं, म्हून गळ्यालोक भरली. आंगनात, सारवलेल्या जागी उभी केली. जमुनावहिनी ताट घेऊन आली. पहिले हँडलले कुंकू लावलं, मंग खाली बसून चाकाले लावलं, अन ताट खाली ठेवलं. दिवा ताटातच होता. पेट्रोलचा वास आला नसन का? आला असन, पन आत्ताच तं भरलं होतं, कोन ध्यान देते. नवं लुगडं होतं, नायलॉनचं. देवचंद डबकी ठेवाले गेला होता, पलटला तं डबकी हातातच होती. शेजारची म्हातारी ओरडन्यानं बाहेर आली तं तिनं काय पाह्यलं? बायको जळून राहिली अन नवऱ्याच्या हातात पेट्रोलची डबकी. बस, तेवढंच पाह्यलं तिनं. त्याचे दोन्ही हात जळले विझवता विझवता, तेबी लोकायनं त्याच्यावरच धरलं. जमुनावहिनी दोन दिवस होती, पन बोलली नाई. गळा गेला होता. बोलली असती तं त्याच्याच बाजूनं बोलली असती.

पुढचं नाई सांगत. कायले सांगू? तू टाकी दुरुस्त कराले आली, टाकीचं बोलू.

कोर्टात मले बोलावलं होतं. देवचंदच्या वकिलानंच बोलावलं. देवचंदनं त्याले सांगितलं असन का टाकी टपकत होती, मनोहरनं डाग मारला, त्याले विचारा. वकिलानं सरळ विचारलं, मिस्त्री, तो डाग सुटू शकते का? पेट्रोल गळू शकते का? साऱ्या बाकड्यायवर तुह्या मामाकडची मानसं बसली होती. देवचंद समोर उभा, हात पट्टीत. मी म्हटलं, नाई साहेब, पितळेचा डाग आहे, पत्रा फाटन पन डाग सुटत नाई. मले इतकंच वाटलं का मी खरं बोललो तं तेथंच धरन मले. माह्या घरी दोन पोरी होत्या, एक रांगून राहिली होती. तूबी तीन सालाची होती, हो, मालूम आहे. तेव्हाबी मालूम होतं. टाकी कोनी उलटी करून पाह्यली नाई. मिस्त्री सांगते ना का पक्का आहे, मंग पाहायचं काय.

अन सुटल्यावर तो आला. दुकानात आला, दिवाळीनंतर, धान कापनी चालू होती. त्याच स्टूलावर बसला. अर्धा झाला होता. मले वाटलं, आता हा पाना उचलून माह्या डोक्यात घालन, अन घातला असता तं बरं झालं असतं. त्यानं काय विचारलं मालूम आहे? आवाज न चढवता म्हने, मनोहर, तू आपला आहे, एक सांग, डाग पक्का होता ना? अन मी म्हटलं, पक्का होता. कोर्टात तं भीती होती. तेथं कोन होतं? तो अन मी. त्यानं मान हालवली, म्हने, मंग भरताना माह्याच हातानं सांडलं असन, सात वर्षं मी तेच आठवून राहिलो, किती सांडलं असन, पुसलं काऊन नाई. च्या पिला अन गेला. सुटून आल्यावर तेरा वर्षं जगला तो तुमच्या त्या घरात, एकटा, अन रोज हेच घेऊन जगला का मी जमुनाले मारलं. गाडीचं बाकी सारं तेल-पानी करून ठेवत होता ना? चेन पाह्यली मी, चांगली आहे. टाकीले हात नाई लावला त्यानं.

तुहा बाप जाळनारा नव्हता. घे, बोललो. वीस वर्षं गळ्यात होतं, बोललो. रडू नको. नाई तं रड.

टाकी घेऊन काय होते? भोक तं कोनत्याबी जुन्या टाकीले राहते, अन साबन — तुहा मामा म्हनन, जेलातून आल्यावर देवचंदनंच लावला असन. त्याच्यावर कोन विश्वास ठेवन? माह्या बोलन्यावर ठेवन. मी सांगितलं का साबन मी लावला, मी कोर्टात खोटं बोललो, तं धर्मेंद्रभाऊ मानन, गाव मानन, देवचंदचं नाव तं निघन त्यातून. सांगतो मी. आता साठावं चालू आहे, दोन्ही पोरी आपल्या घरी गेल्या, कोनाले भ्यायचं? लाव फोन. लाव मामाले, आत्ताच लाव, माह्या हातात दे. पुन्हा माह्यं मन होईन का नाई, मले माहीत नाई. आवाज मोठा कर, मले एका कानानं कमी येते.

हॅलो. हो भाऊ, राम राम. मनोहर मिस्त्री बोलून राहिलो, अर्जुनीवाला. हो, तोच. तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे दुखते. हो, नीतूबाई इथंच आहे. टाकी घेऊन आली होती राजदूतची. हो, तेच... एक सांगायचं होतं भाऊ. ते टाकीचं. तेव्हाचं, दसऱ्याचं... नाई, तुम्ही बोला, मी ऐकून राहिलो... हो. हो भाऊ, मालूम आहे, तुमची एकच बहीन होती. हो... नाई, तसं काही नाई. टाकी सडली आहे, एवढंच सांगून राहिलो होतो पोरीले. डाग? डाग पक्का होता भाऊ. पितळेचा. कोर्टात सांगितलं तेच. रडून राहिली ना, मायची आठवन आली असन, पोरगी आहे. हो. ठेवतो.

घे तुहा फोन.

टाकी उचल, बाई, अन जाय. मले शटर पाडायचं आहे.