फुकटच्या धावांची ओव्हर

—नाही नाही, खुर्ची सरकवू नका, बसा तुम्ही, मला बाउंड्रीच्या दोरीच्या आतच उभं राहायचंय, फील्डिंगला. थंडी बघा, सप्टेंबर कसला हा! बोटं आखडलीत माझी — फिरकीवाल्याची बोटं, जपावी लागतात. नाव? थ्रिपल, केन थ्रिपल. ऐकलं नसेल, असू द्या, आमच्या काउंटीतही निम्म्यांना ठाऊक नाही. अकरा हंगाम झाले, त्यातले बहुतेक पॅव्हिलियनमध्ये बसून. सकाळी आमचा कॅप्टन हॅलम पिचवर अंगठा दाबून बघतो, ओल लागली की माझ्याकडे न बघताच म्हणतो, "आज नाही, केन." आणि इंग्लंडात ओल कधी नसते हो? — थांबा, बॉल — नाही, तिकडे गेला. तर या सामन्यात कसाबसा घेतलाय मला, आणि आज बॉलही हातात येणार. का, विचारा. पावसानं दोन दिवस खाल्ले, म्हणून जेवणाच्या सुट्टीत दोघा कॅप्टनांनी आपापसात ठरवलं — आम्ही त्यांना फुकट धावा द्यायच्या, त्यांनी लगेच डाव घोषित करायचा, मग संध्याकाळपर्यंत आम्ही पाठलाग करायचा. चालतं हो, सगळेच करतात. जिंकलो तर गुणतक्त्यात तळातून वर येऊ आम्ही. पण फुकट धावा द्यायला कोण? हॅलमनं मला बाजूला घेतलं, "केन, तू टाक. उंच टाक, हळू टाक, मारू दे त्यांना." म्हटलं, अरे, आणि माझे आकडे? पुढच्या वर्षीचा माझा करार आज संध्याकाळीच ठरतोय — ती वरची खिडकी दिसतेय ना, टक्कल चमकतंय, ते चेअरमन. मुद्दाम दिलेल्या धावा आणि खाल्लेला मार, छापून येताना सारखंच दिसतं हो! तर म्हणाला, "गुपचूप टाक, मी तुझ्यासाठी वर शब्द टाकतो." मी हो म्हटलं. काय करणार? मॉरीनला, बायकोला, सांगून बसलोय, अजून एकच वर्ष. तिचा भाऊ म्हणतो, कार्पेटच्या दुकानात ये. कार्पेट! मी! — हो हो, हॅलम, आलो! — आलोच हं मी, तुमचा चहा सांभाळा, त्यांचे सिक्सर इकडेच येतील.

—पाहिलंत? पाहिलंत ना? नका, काही बोलू नका. पहिले पाच बॉल अगदी सांगितल्याबरहुकूम टाकले, माझ्या आजीनंही मारले असते. आणि त्यांचा कॅप्टन, तो ब्रॅथी — जांभई दिली हो त्यानं! माझ्या बॉलिंगवर! तोंडावर हातसुद्धा न ठेवता! मग शेवटचा... हातातून सुटतानाच कळलं मला. गरगरत वर गेला, जरासा थबकला, खाली पडला आणि हा एवढा वळला, ब्रॅथीच्या बॅट आणि पॅडच्या मधून सरळ स्टंपवर. बेल्स पडल्याचा आवाज आला इथपर्यंत? सगळ्या मैदानात टाळी फक्त तुम्ही वाजवलीत. आमच्या कीपरनं तर तोंड फिरवलं. जाताना ब्रॅथी हॅलमला म्हणाला, "शब्द मोडलात, आता आम्ही संध्याकाळपर्यंत खेळणार." म्हणजे संपलंच, ना आम्हाला पाठलाग, ना सामना. हॅलमला म्हटलं, थंडीनं बोटं आखडली रे, हात चुकला. त्याला पटलं असावं. पटू दे. तुम्ही परके म्हणून सांगतो — चुकला नाही. अकरा वर्षांत इतका बरोबर एकही पडला नव्हता. लाज वाटायला हवी, नाही का? दहा जणांच्या मेहनतीवर पाणी ओतलं मी. वाटेल, रात्री वाटेल. आत्ता मला नुसता आनंद झालाय हो, वेड्यासारखा आनंद — तोंड आवरत नाहीये. वर खिडकीत ते अजून आहेत का? मला नाही बघायचं, तुम्हीच बघा. पाठ फिरवलीय? बरं. बरं, ठीक. कार्पेटमध्येही... जाऊ द्या. हॅलम येतोय, इकडेच येतोय. त्याच्यासमोर हसायला नको मी. पेपर उघडा तुमचा, आणि माझ्याकडे बघू नका.