काकूंचा सा आणि नितीनचा ट्यूनर

नितीनच्या हाताशी गिटार ठेवून चहा घ्यायलासुद्धा जाऊ नये, हे मला वेम्बलीत कळलं.

आम्ही सगळे वर्क परमिटवर आलेले, लंडनच्या मराठी मंडळाची दिवाळी, आणि गाणार होत्या सुधाकाकू, पुण्याहून लेकाकडे स्टॅनमोरला आलेल्या. तानपुरा अर्थातच पुण्यात. मी म्हटलं, "काकू, काळजी नको. गिटारच्या सगळ्या तारा तुमच्या सा आणि पंचमात लावतो. नुसत्या छेडत बसलो की झाला तानपुरा."

अर्धा तास खपून लावल्या. काकूंनी कान देऊन ऐकलं, मान डोलावली. मग मी चहा घ्यायला गेलो.

आमची पाळी आली. स्टेजवर काकूंनी डोळे मिटले, मी तारा छेडल्या, आणि काकूंनी डोळे उघडले.

"हे काय आहे?" त्या माइकमध्येच म्हणाल्या.

विंगेतून नितीन, म्हणजे आमचा साउंडवाला, हळूच म्हणाला, "अरे, सगळ्या तारा चुकीच्या लागल्या होत्या. ट्यूनर लावून गिटारच्या नेहमीच्या स्टँडर्ड सुरांत करून टाकल्या. थँक्यू वगैरे नको."

भरल्या हॉलसमोर मी सहाही तारा परत लावत बसलो. काकू माझ्याकडे बघतही नव्हत्या. गाणं मात्र सुंदर झालं.

नंतर जेवणाच्या रांगेत नितीन माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"काकू मस्त गायल्या. पण तू शेवटपर्यंत तेच तेच वाजवत होतास, यार. माझं ट्यूनिंग ठेवायला हवं होतंस. शनिवारी मेडनहेडला माझ्या घरी ये, तुला तीन कॉर्ड्स शिकवतो."