चौऱ्यांशी लाखांत एक

दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकू येऊ नये, म्हणून त्यांच्या ड्रायव्हरने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पण कान उघडेच राहिले.

"पर्युषण संपलं, ताई. सगळ्यांची क्षमा मागून झाली?"

"झाली की! चौऱ्यांशी लाख जीवयोनींची मागितली. कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा म्हटलं."

"आणि जाऊबाईंची?"

"तिची वेगळी कशाला? त्या चौऱ्यांशी लाखांत ती आलीच की!"

"वर्षभर अबोला धरलायस. एक फोन तरी कर."

"अगं, पाय उचल, पाय उचल! खाली मुंगी आहे. चिरडली असती बिचारी."

"मुंगीची केवढी काळजी तुला!"

"मुंगी कधी उलटून बोलते का?"

वर्तमानपत्रामागे ड्रायव्हरनेही निमूटपणे पाय वर घेतले.