मांडवातली झाकणं

अमळनेर स्टँडवर धुळ्याची गाडी आत्ताच येणार होती, म्हणजे बराच वेळ होता. बाकावर दिपमालाबाईंच्या एका बाजूला अंगणवाडीच्या रत्नाताई बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला भटूनाना. बोलणं बाईंच्या मांडीवरून चाललं होतं.

"ताई, हाई पिशवी ले. बाटलीसना झाकणं शेतस, बठ्ठा धुईसन आणात."

"आता नकोत, नाना. पोरांना मोजायला मण्यांची पेटी आलीय."

"मंग सोमवारले मी काय लई येऊ?"

"काही नको. आराम करा. एवढी झाकणं घरात निघतात तरी कुठून?"

"घरमा कोठे? मी एकला. तेलनी बाटली सरता सरत नही. लगीनना मांडवमा येचस."

"झाकणं वेचायला मांडवात जाता?"

"जेवाले बी बसाडतस."

"कठीण आहे तुमचं."

"पेटीमातला एखादा मणी हारपना का?"

"छे! मोजून देते, मोजून घेते."

"मंग वजाबाकी कशी शिकतीन पोरे?"

"वजाबाकी पहिलीत, नाना. आमच्याकडे नुसतं मोजणं."

गाडी लागली. रत्नाताई जागा धरायला धावल्या.

"ताई, तुमना घर धाकलं पोर शे का?"

"आहे ना," म्हणत दिपमालाबाईंनी पिशवी घेतली. त्यांचा धाकटा कॅनडात नोकरीला होता.

"मंग सोमवारले आठेच, ह्याच बाकवर भेटसू."