जर्मनीला धाडलेली दुरुस्ती

नव्याण्णव सालचा कापसाचा सीझन. सोनगीरची गाडी लागत नव्हती, म्हणून धुळ्याच्या स्टँडवर यशोदाबाई शेजारच्या दोघांचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या. तो दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर, ती भुसावळच्या. दोघांकडे पावत्या छापायचा एकच फुकटचा प्रोग्राम, कुणीही उघडून दुरुस्त करावा असा.

"नवी आवृत्ती टाकली आणि पावत्यांचा पुन्हा घोळ, प्रभा. फाटकाशी कापसाच्या गाड्या उभ्या!"

"तू दुरुस्ती केली होतीस ना, रुपचंद?"

"माझ्या कॉपीत. नवी आली की पुसली जाते, मग पुन्हा करत बसायचं. तुझं कसं चालतं गं?"

"मी माझी दुरुस्ती प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच पाठवली. जर्मनीला, ई-मेलनं."

"घेतली त्यानं?"

"आधी परत केली. म्हणाला, तुमच्या प्रिंटरवर चालते, दुसऱ्यांचा बिघडवते. खरं होतं त्याचं. पुन्हा लिहिली. आता नव्या आवृत्तीत आपोआप येते."

"मानलं बुवा! भुसावळची दुरुस्ती जगभर!"

"तुझी कसली आहे?"

"कागद अडकला की प्रिंटर सगळ्या पावत्या पहिल्यापासून छापतो ना, ते मी बंद केलं."

"ते तू मिटवलंस? अरे, मी वर्षभर भोगतेय ते!"

यशोदाबाईंना राहवलं नाही.

"भाऊ, तुनी बी धाडी दे ना."

"तितकी चांगली नाही लिहिलेली, आजी. परत करेल तो."

"मंग करी परत. या पोरनी बी पहिले परत करेल व्हती ना!"